लाकडी सांगाडा आणि काडाची भिंत : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लाकडी सांगाडा उभारून त्यातील मोकळ्या जागा दाबून बांधलेल्या काडाच्या गासड्यांनी भरण्याची बांधकामपद्धती पर्यावरणपूरक गृहरचनेच्या चर्चेत वारंवार येते. गासड्या बांधणारी यंत्रे आल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात, लाकूड आणि दगड या दोहोंचा तुटवडा असलेल्या प्रदेशात, काडाची घरे उभी राहू लागली. तेथील आर्थर गावात १९२८ साली काडाच्या गासड्यांनी बांधलेले प्रार्थनामंदिर प्रसिद्ध आहे. ही पद्धती सातारा आणि सांगली जिल्ह्यांस कितपत उपयुक्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसरातील परंपरा

या पद्धतीचे मूळ तत्त्व म्हणजे भार सांगाड्याने वाहावा आणि भिंतीने केवळ आडोसा द्यावा. ते येथील लोकांस नवे नाही. वाई, सातारा, कराड येथील जुन्या वाड्यांत तळखड्यावर उभे केलेले खांब, त्यांवरील तुळया आणि कडीपाट छताचा भार घेतात. घराचे मोजमापही खणांतच सांगितले जाते. जावळी व पाटणच्या डोंगराळ भागात कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचे लिंपण केलेला कूड हे तर याच तत्त्वाचे साधे रूप होय. काडाची भिंत ही एका अर्थी कुडाचीच जाड आवृत्ती आहे.

भिंतीचे वजन आणि भूकंप

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यात हजारो बळी गेले. किल्लारी परिसरात अनेक ठिकाणी लाकडी खण उभे राहिले, परंतु मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळून माणसे त्यांखाली गाडली गेली. यावरून केवळ सांगाडा भक्कम असून भागत नाही, तर भिंत हलकी आणि सांगाड्याशी बांधलेली असावी लागते, हे स्पष्ट होते.

४५ सेंटिमीटर जाडीच्या दगडी भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे एक हजार किलो भरते. तेवढ्याच जाडीची काडाची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दीडशे किलोच्या आसपास भरते. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात काडाची घरे बांधण्यात आली. तशा घराची अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात २००९ साली कंपन-मंचावर चाचणी झाली, तेव्हा तीव्र हादऱ्यांतही ते कोसळले नाही.

बांधणीची रीत

प्रथम दगडी जोते जमिनीपासून किमान दीड-दोन फूट उंच घ्यावे. त्यावर खांब व तुळया उभारून छप्पर आधी पूर्ण करावे, म्हणजे काड भिजत नाही. नंतर विटांप्रमाणे सांधे चुकवून गासड्या रचाव्यात, त्यांत बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात आणि त्या खांबांशी बांधाव्यात. दारे-खिडक्यांना स्वतंत्र चौकटी द्याव्यात. गिलावा मातीचा वा चुन्याचा असावा. सिमेंटच्या गिलाव्याने आतील ओल अडकते आणि काड कुजते. काडातील ओलावा वीस टक्क्यांखाली राहणे आवश्यक आहे. सुटे काड लगेच पेटते, म्हणून बांधकामाच्या काळात आगीची विशेष दक्षता घ्यावी लागते; मात्र घट्ट दाबलेल्या व गिलावा केलेल्या भिंतीत हवा खेळत नसल्याने ती सहज पेटत नाही. वाळवी व उंदीर यांपासून संरक्षण उंच जोते आणि अखंड गिलावा यांवरच अवलंबून असते.

हवामान आणि काडाची उपलब्धता

महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास असतो. म्हणून ही पद्धती पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यास अधिक अनुकूल आहे. जाड काडाची भिंत तेथील उन्हाळ्याची झळही रोखते. परंतु नेमक्या याच पट्ट्यात ज्वारीचा कडबा हा जनावरांचा प्राण आहे. दुष्काळात चारा छावण्या पाहिलेला शेतकरी कडबा भिंतीत घालणार नाही, आणि त्याने तो घालूही नये.

पर्याय ऊसपट्ट्यातून मिळू शकतो. कृष्णाकाठच्या उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते आणि बरेचदा ते फडातच जाळले जाते. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीच्या भिंतींस साधारण दीड टन काड पुरते. अर्थात, पाचट जमिनीत कुजविल्यास तिचा कस वाढतो. त्यामुळे एरवी जळणाऱ्या पाचटाचाच विचार व्हावा. शिवाय जगातील अनुभव मुख्यतः गहू व भाताच्या काडाचा आहे. पाचटाच्या गासड्यांची घट्टपणा, ओल आणि वाळवी या दृष्टींनी स्थानिक चाचणी आवश्यक ठरते.

समारोप

काडाची भिंत हा सर्व प्रश्नांवरील तोडगा नव्हे. तथापि भार सांगाड्यावर आणि भिंत हलकी, हे तत्त्व कोयनेच्या परिसरात जीव वाचविणारे आहे. खण आणि कूड यांत ते पूर्वीपासून होते. मातीत रचलेल्या दगडाची जड भिंत हीच प्रतिष्ठेची, ही समजूत मागे पडली तर त्याचा नव्याने स्वीकार शक्य आहे. परिसरातील कृषी व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी संयुक्तपणे एखादी प्रायोगिक खोली उभारून तिची काही पावसाळे नोंद ठेवल्यास या विषयास निश्चित दिशा मिळेल.