महामार्ग पोलीस व्हायचे आहे? मैदानात उतरण्याआधी हे वाचा

महामार्गावर गस्त घालणाऱ्या पोलिसाची नोकरी अनेक तरुण-तरुणींना खुणावते. महाराष्ट्रात या शाखेत राज्य पोलीस दलातील कर्मचारीच नेमले जातात. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे पोलीस शिपाई भरती. तिच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. या ५० गुणांपैकी २० गुण लांब धावण्याचे असतात. निकष बदलू शकतात, म्हणून चालू जाहिरात नीट वाचा.

जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला. पुढे अंतर कमी झाले, पण उन्हात जीव तोडून धावण्याचा धोका आजही आहे. योग्य तयारीने तो बराच कमी करता येतो.

आधी तपासणी, मग सराव

सराव सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि डोळे तपासून घ्या. मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. अशा वेळी कितीही सराव केला तरी दम लागतो आणि वेळ सुधारत नाही. कारण शोधून उपचार केल्यावर फरक पडतो.

पुढीलपैकी काही असेल तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय वेगाने धावू नका:

- धावताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे
- अचानक छातीत धडधड वाढणे
- जवळच्या नातेवाइकाचा कमी वयात अचानक मृत्यू

यातली शेवटची गोष्ट मुलांना अनेकदा माहीतच नसते. आई-वडिलांनी ती न लपवता सांगावी.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा भागांत सिकलसेल आढळतो. सिकलसेल 'वाहक' व्यक्ती एरवी निरोगी असते. मात्र उन्हात, पाणी कमी पडलेले असताना एकदम जोर लावल्यास तिचे स्नायू झिजून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. आपण वाहक आहोत का, हे साध्या रक्ततपासणीत कळते. वाहकांनी सराव सोडायची गरज नाही. तो हळूहळू वाढवावा, मध्ये विश्रांती घ्यावी आणि तापात धावू नये.

सराव कसा वाढवावा?

किमान ३ ते ४ महिने हाताशी ठेवा. सुरुवातीला आठवड्यातून ४ दिवस, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. पाया पक्का झाल्यावर आठवड्यातून एक-दोन दिवस वेगाचा सराव करा. बाकीच्या दिवशी पाय, पाठ आणि खांद्यांचे व्यायाम करा. एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच.

डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. नडगीवर एकाच ठिकाणी बोट लावल्यावर दुखत असेल आणि चालतानाही त्रास होत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. गोळी घेऊन धावत राहू नका.

उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. चाचणी उन्हाळ्यात असेल तर तेवढे दिवस आधीपासून थोडा सराव त्या वेळेला करा.

हे टाळा

- वेदनाशामक गोळ्या: घाम जाऊन पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.
- ताकदीचे इंजेक्शन, उत्तेजक गोळ्या: यांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उत्तेजकांमुळे थकवा जाणवत नाही आणि थांबायची वेळ कळत नाही.
- उंचीची पावडर: हाडांची वाढ थांबल्यावर कोणतीही पावडर उंची वाढवत नाही. पुरुषांची १६५ सेंटीमीटरची अट अशा डब्याने पूर्ण होणार नाही.

चाचणीच्या दिवशी

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. सकाळी उपाशी जाऊ नका. धावण्याआधी दीड-दोन तास केळी, पोहे किंवा भाकरी असे सवयीचेच खा. रांगेत उभे असताना घोट घोट पाणी प्या. ताप, जुलाब किंवा उलट्या असतील तर त्या दिवशी धावणे धोक्याचे आहे.

धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजा. त्याला लगेच सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेची वाट पाहताना अंग थंड करणे थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा. घरच्यांनीही "कसेही करून पूर्ण कर" असे सांगू नये. भरती पुन्हा निघते.