चांदोलीत तंबू नको, वेशीवर हवा

चांदोली राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून रात्र काढता येते का, हा प्रश्न दिवाळीची सुट्टी जवळ आली की सातारा-सांगलीत सगळीकडे निघतो. म्हसवड-दहिवडीकडच्या तरुण पोरांनाही तो पडतो, कारण मायणी, विटा करत कराड गाठले की पुढे कोकरूड, चरण, आरळा ओलांडून वारणा धरणाच्या भिंतीपर्यंत एका दिवसात पोचता येते. उत्तर सरळ आहे: येत नाही. पर्यटकाने दिवसाउजेडी आत जायचे आणि दिवसाउजेडीच बाहेर यायचे. पावसाळ्याचे चार महिने तर दारच बंद. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. माझ्या मते तो बरोबर आहे, फक्त अर्धाच अमलात आला आहे. आतला मुक्काम बंद करणाऱ्या व्यवस्थेने बाहेरचा मुक्काम नीट उभा करून द्यायला हवा होता. ते काम राहून गेले आणि त्याची किंमत जंगल, गावे आणि पर्यटक असे तिघेही मोजत आहेत.

आधी या जागेची ओळख. 1985 मध्ये चांदोली आणि कोयना ही दोन अभयारण्ये घोषित झाली. 2004 मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे 318 चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सांध्यावर. 2010 मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत दोघांचीही नावे आली. व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात. गाभा क्षेत्र, जिथे वन्यप्राण्यांचा हक्क पहिला; आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र, जिथे गावे, शेती आणि जंगल एकत्र नांदतात. चांदोली उद्यान गाभ्यात येते. गाभ्यातल्या पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या जुलैमध्ये तात्पुरती बंदी घातली होती. ती ऑक्टोबरात उठली, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्यावरच. गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन, आणि तिथे पर्यटकांसाठी नवे बांधकाम नाही, असे त्या सांगतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा क्षेत्रात आग लावणे हा मुळातच गुन्हा ठरवला आहे. म्हणजे तंबूसमोर शेकोटी पेटवून गाणी म्हणायची हे जे चित्र डोळ्यांसमोर असते, ते इथे कायद्यातच बसत नाही.

कायदा आहे म्हणून पाळा, एवढ्यावर मात्र कुणाचे समाधान होऊ नये. तंबूने नक्की काय बिघडते, हे जमिनीकडे बघून समजून घ्यावे लागते. मोकळी, सपाट आणि दूरवर नजर जाईल अशी जागा चांदोलीत शोधायला गेलो तर ती सड्यावर सापडते. झोळंबीचा सडा त्यांतला प्रसिद्ध. जांभ्या खडकाचे हे पठार उन्हाळ्यात उजाड, काळपट आणि निरुपयोगी दिसते. इथे तंबू लावला तर कुणाचे काय गेले, असे वाटण्याजोगेच ते असते. पण या खडकावर माती जेमतेम बोटभर असते आणि त्या बोटभर मातीत पुढच्या पावसाळ्याचे सगळे बियाणे पडलेले असते. जूनमध्ये इथे उथळ डबकी साचतात. सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. कोयनेचेच नाव शास्त्रीय नावात असलेली एक भेकाची जात अशाच पाण्यात अंडी घालते आणि जगात ती सह्याद्रीच्या या टापूबाहेर कुठे नाही. उन्हाळ्यात यातले बरेच जीव सुट्या दगडांखाली आणि खडकाच्या भेगांत दडून असतात. तंबूचे दोर ताणायला खडकात खुंटी जात नाही, म्हणून माणसे दगड उचलून आणतात, चूल मांडायला आणखी तीन उचलतात आणि सकाळी तसेच टाकून निघून जातात. उचललेला प्रत्येक दगड म्हणजे कुणाचे तरी मोडलेले घर असते.

दुसरी गोष्ट बोलायला संकोच वाटणारी, पण मुक्कामाच्या सोयींमधली सर्वांत मोठी: शौच. मोकळ्यावर जावे लागलेच तर पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणून, वर माती लोटावी, असा जगभरच्या गिर्यारोहकांचा दंडक आहे. खोल काळ्या मातीत हा दंडक पाळता येतो. सड्यावर वीतभर खड्डा खणायचा कशाने? तिथे जे पडते ते मेपर्यंत वाळत राहते आणि पहिल्या वळवाच्या सरीबरोबर उतारावरून ओढ्यात आणि ओढ्यातून वारणेच्या वसंतसागर जलाशयात उतरते. ते पाणी पुढे सांगली-कोल्हापूरच्या शेतांना आणि नळांना जाते. दहा जणांच्या एका रात्रीने काही होत नाही, हे खरे. पण जिथे एका गटाला परवानगी मिळते तिथे पुढच्या शनिवारी वीस गट उभे असतात, आणि कुठलीही सोय एका गटाच्या हिशेबाने आखता येत नाही.

जनावरांचेही तसेच. गवा, अस्वल, बिबट्या, कोळसुंदे, सांबर, रानडुक्कर या सगळ्यांचा वावर संध्याकाळनंतर किंवा पहाटे वाढतो, आणि पाणवठ्यावर येण्याची यातल्या बहुतेकांची वेळ तीच. माणसाला तंबूसाठी जागाही पाण्याजवळचीच लागते. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. इथे वाघांची संख्या पुन्हा उभी राहावी म्हणून एवढा खटाटोप चालू असताना रात्रीचा पाणवठा माणसांनी अडवणे कुठल्याच हिशेबात बसत नाही. अन्नाचा वास हा आणखी एक धोका. उरलेला भात, तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे यांना चटावलेले वानर किंवा डुक्कर पुढे गावच्या शेतावर उतरते आणि त्याचा भुर्दंड पर्यटकाला नव्हे, उद्यानाच्या वेशीवरच्या मणदूर गावातल्या शेतकऱ्याला बसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: परदेशात राष्ट्रीय उद्यानांत राजरोस तंबू लागतात, मग आपल्यालाच मनाई का? अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये 12 तळ आहेत आणि त्यांत 2000 हून अधिक तंबूंच्या जागा आहेत, हे खरेच. पण यलोस्टोनचे क्षेत्र सुमारे 9000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या चांदोलीच्या अठ्ठावीसपट. शिवाय तिथला तळ म्हणजे नंबर टाकलेली जागा, संडास, पिण्याचे पाणी, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा अन्नाच्या पेट्या आणि नियम मोडल्यास दंड करणारा रक्षक. तंबू तेवढा उचलायचा आणि त्यामागची व्यवस्था तिकडेच ठेवायची, अशी नक्कल उपयोगाची नाही. आक्षेप घेणारा अधिक अभ्यासू असेल तर तो हिमाचलातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण देईल, आणि ते जास्त वजनाचे आहे, कारण तिथे परवाना घेऊन तंबूत राहता येते. पण त्या उद्यानात शिरायलाच बरेच चालावे लागते, त्यामुळे गर्दी आपोआप गाळली जाते. चांदोलीच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि पुणे-मुंबईची गाडी अर्ध्या दिवसात तिथे उभी राहते. चांदोलीची तुलना करायचीच तर उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सशी करावी. तेही जागतिक वारशात आहे, तिथेही हजारो माणसे जातात, आणि तिथेही आत रात्र काढायला मनाई आहे. सगळे संध्याकाळी घांघरियाला परततात. हंगामापुरते जागे होणारे ते गाव राहणे-जेवणे पुरवते आणि वाटेवरचा कचरा स्थानिकांची समिती उचलते. फुलांची दरी त्यामुळे कुणालाही पाहायची राहून जात नाही.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. गडावर मुक्काम करणे ही महाराष्ट्राची जुनी रीत. प्रचितगड, भैरवगड, वासोटा यांवर रात्र काढू न देणे म्हणजे तिच्यावर गदा, असे भटके म्हणतात. रीत मोलाची आहे, यात शंका नाही. पण वासोट्याचे उदाहरण समोर आहे. बामणोलीहून शिवसागरातून लाँचने जायचे, वन खात्याकडे नोंद करायची, गड चढायचा आणि उजेडात परतायचे, ही शिस्त आता रुळली आहे. वासोट्याची ओढ तिने कमी केली नाही. उलट लाँचवाल्यांना आणि बामणोलीच्या खानावळींना हंगामभर काम मिळाले.

आणि या जमिनीवर रात्र काढायचा हक्क कुणाचा, असे विचारायचेच असेल तर पर्यटकाच्या कितीतरी आधी दुसऱ्या कुणाचे नाव येते. आज आपण ज्याला निर्मनुष्य जंगल म्हणतो तिथे झोळंबी, गोठणे, निवळे अशी नांदती गावे होती. धरण आणि अभयारण्यासाठी ती उठली. चांदोली अभयारण्यग्रस्त म्हणून ही माणसे जमिनीसाठी, पाण्यासाठी, नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करत आली आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि देव मागे ठेवून त्यांना निघायला सांगितले ते जंगलासाठी. त्याच गावठाणावर आठवडी सुट्टीच्या पाहुण्याने तंबू ठोकायचा, हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. मला स्वतःला सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत वजनदार वाटतो, आणि पर्यटनाच्या चर्चेत तोच सर्वांत कमी ऐकू येतो.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. आत बंदी आणि बाहेर महागडी रिसॉर्टे, अशी स्थिती झाली तर जंगल फक्त पैसेवाल्यांचे उरते. एसटीने येणारे कॉलेजचे विद्यार्थी, शाळेची सहल, मुलाबाळांना घेऊन आलेला शिक्षक यांनी राहायचे कुठे? सोय नाही म्हणून माणसे धरणाच्या काठाला, ओढ्याच्या पात्रात, रस्त्याकडेच्या माळावर वाटेल तिथे तंबू लावतात. तिथे पाणी नाही, संडास नाही, आग विझली की नाही हे बघणारे कुणी नाही. कोरड्या गवताच्या डोंगरात एक ठिणगी वणव्याला पुरते, आणि धुराने आग्या मोहोळ उठले तर जिवावर बेतते.

म्हणून तळ हवा, तो बफरमधल्या गावांच्या वेशीवर. त्यासाठी फार काही लागत नाही, पण जे लागते ते नेमके हवे: गावठाणालगतची, पडीक, खोल मातीची जागा, तंबूंची ठरलेली संख्या, शोषखड्ड्याचे संडास, टाकीचे पाणी, एकच सामाईक चूल, गॅसची, दिवे जमिनीकडे तोंड केलेले आणि दहानंतर बंद, ध्वनिक्षेपक अजिबात नाही. व्यवस्था गावाची. व्याघ्र प्रकल्पांच्या भोवतालच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या असतातच, त्यांनी हे चालवावे. गावाला हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे बघावे. तिथे कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समितीने वन खात्याबरोबर रोजच्या पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, लांबचा वाहनतळ आणि शुल्क हे सगळे राबवून दाखवले. त्रुटी तिथेही निघाल्या, पण बेबंद गर्दीला मर्यादेत आणता येते आणि त्यातून गावच्या पोरांना रोजगार मिळतो, हे सिद्ध झाले.

तळ चालवण्याचे शहाणपण तर माणदेशात जुनेच आहे. मेंढरे घेऊन बाहेर पडणारा धनगर मोकळ्या रानात बसतो तो मालकाला विचारून. पाण्याच्या जवळ पण पाण्यावर नव्हे अशी जागा निवडून तो मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळे, लावतो, आणि उठतो तेव्हा मागे लेंडीखत ठेवून जातो. शेतकरी त्यासाठी त्याला मोबदलाही देतो. 2012 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2019 मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरे आणि त्यांच्यासोबत आलेली कुटुंबे महिनोन्‌महिने एका माळावर राहिली. पाणी कुठून, शेण कुठे, आजारी जनावर कुणी बघायचे, हे रोजच्या रोज ठरवावे लागले. टंचाईत एवढा मोठा तळ पेलणाऱ्या मुलखाला वीस तंबूंचा हंगामी तळ जड जाऊ नये.

ज्याला नुसते आभाळाखाली झोपायचे असेल, त्याला मग चांदोलीच कशाला हवी? कोयनेच्या खोऱ्यात पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. दिवाळीनंतर इथले आकाश जितके स्वच्छ असते तितके घाटमाथ्यावर क्वचित मिळते. महिमानगड, वारुगड यांच्या पायथ्याच्या गावांनी ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली एकेक तळ केला, तर तारे बघायला येणारी माणसे इकडे वळतील. चांदोलीवरचा भार तेवढाच हलका होईल. सुरुवात मात्र मणदूर-जाधववाडीच्या बाजूने व्हावी, कारण गर्दी आज तिथे आहे. उद्यान पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात उघडते. त्याआधी जागा ठरवून, शोषखड्डे खणून आणि शुल्कातला गावाचा वाटा ग्रामसभेत लिहून घेऊन हे काम वन खाते आणि ग्रामपंचायत यांना एका उन्हाळ्यात उरकता येईल.