नाव कापडावर, नाव भांड्यावर

बारामती-इंदापूरकडच्या लग्नात रुखवत मांडलं की शेवया-कुरडया, लोकरीचं तोरण आणि लाकडी भातुकलीच्या मागे एखादा टेबलक्लॉथ हमखास टांगलेला असायचा. पांढऱ्या मॅटीवर क्रॉस स्टिचचा मोर, कडेला क्रोशाची लेस. घरात टेबल असो वा नसो! जेवणं पंगतीत व्हायची, त्यामुळे तो रेडिओवर, पुढे टीव्हीवर चढायचा आणि उरलेलं आयुष्य डांबरगोळ्यांच्या वासात ट्रंकेत काढायचा.

फ्रान्समधलं रुखवत मात्र वापरायचं. एकोणिसाव्या शतकात खात्यापित्या घरची मुलगी चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन डझनांच्या हिशेबात जमवायची. कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. एवढं लागायचं कशाला? मोठी धुलाई वर्षातून दोन-तीनदाच व्हायची. लाकडाच्या राखेचं गरम पाणी कपड्यांवर ओतत राहायचं, मग सार्वजनिक धुण्याच्या जागी बडवायचं आणि गवतावर वाळत घालायचं. (आपल्या बायकांनी त्याच राखेनं भांडी घासली.) गावभरच्या कपड्यांत आपला ओळखू यावा म्हणून कोपऱ्यात लाल धाग्यानं आद्याक्षरं आणि अनुक्रमांक. लालच का, तर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा तो पक्का रंग उकळत्या राखेच्या पाण्यालाही दाद देत नसे.

आपण नाव कापडावर घातलं नाही, भांड्यावर घातलं. हांड्यावर, ताटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख हाच आपला मोनोग्राम. पंगतीला शेजारून आणलेली भांडी परत करताना त्याचाच आधार.

फ्रान्समधल्या श्रीमंती कामात अक्षर पांढऱ्यावर पांढरं. आधी रेघेवर धावदोरा, मग आत जाड दोऱ्याचं भरण, आणि त्यावर आडवे, एकमेकांना चिकटून घातलेले भरीव टाके. अक्षर उठून येतं, डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता येतं. हे काम मुली शाळेतच शिकत. 1882 च्या कायद्यानं मुलींच्या प्राथमिक शिक्षणात शिवणकाम घातलं. श्रीमंतांचं पुष्कळसं भरतकाम मात्र मठांच्या कार्यशाळांत अनाथ मुलींनी केलं. आज जुन्या बाजारात त्या कापडाला भाव येतो तो मालकिणीच्या आद्याक्षरांसह. टाके घालणारीचं नाव त्यावर कुठेच नसतं.

भरतकामाचा दोरा म्हटला की तिकडे डीएमसी. म्युलूझ गावात 1746 मध्ये छापील कापडापासून सुरू झालेली ही कंपनी. तिच्याच आश्रयानं तेरेझ द दिलमाँ या बाईंनी 1886 मध्ये हस्तकलेचा जाडजूड कोश काढला. आपल्याकडे घरोघरी अँकरच्या लड्या. आता रुखवत भाड्यानंही मिळतं. पण हौसेनं टाके घालणाऱ्या आहेतच. इंटरनेटवरचे नमुने बहुतेक डीएमसीच्या आकड्यांत असतात, म्हणून त्या जवळ एक तक्ता ठेवतात: तिकडचा काळा 310, अँकरचा 403.