आपल्या जिल्ह्याची ‘शीळ’

खामगावकरांनो, आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (1909–2000) किती जणांना ठाऊक आहेत? पेशाने वकील. मुंबई-पुण्याच्या साहित्यवर्तुळापासून लांब, मेहकरातच राहिले. आपली ताकद कशात आहे हे मात्र या माणसाला नेमकं कळलं होतं: ऐकताक्षणी ओठांवर बसणारी लय.

ती लय घरोघरी नेली गायक जी. एन. जोशींनी. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी देशपांडेंची ‘शीळ’ ही कविता गायली. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची! तेवढ्यात कविता मराठी मुलखात पोचली, भावगीताची वाट मोकळी झाली. गंमत म्हणजे, ‘शीळ’ हा संग्रह छापून आला तो थेट 1954 साली. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी गाणं! पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला, 1986 मध्ये.

माझं मत स्पष्ट आहे: गुण कवीचाच, पण तो ओळखून जगापुढे मांडणारा माणूसही तितकाच मोलाचा. तुमचं लिखाण, गाणं, चित्र पहिल्यांदा चार लोकांत नेणारा असा मित्र असेल, तर त्याला आज फोन करा. आणि ‘शीळ’ जरूर ऐका.