वाघ, बिबट्या, अस्वल : शिकार का व्हायची?

इनाम : ब्रिटिश अमदानीत ही जनावरे ‘उपद्रवी’ गणली जात, मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या काळात देशात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले.

मान : संस्थानिक आणि गोरे साहेब यांच्या लेखी उलटून अंगावर येणारे जनावर हरणापेक्षा मोलाचे. कातडे आणि मुंडके दिवाणखान्यात लागे. बंदूकवाला मचाणावर, हाका घालणारे गावकरी मात्र जमिनीवर. जीव त्यांचाच टांगणीला.

राखण : मेंढरे, वासरे उचलली गेली की गावच बंदोबस्ताला निघे. ही शिकार हौसेची नव्हती.

अस्वलाबद्दलचा गैरसमज : गणना हिंस्र श्वापदांत, पण आहार मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि रानफळे. अचानक समोर माणूस आला, विशेषतः सोबत पिल्ले असली, की हल्ला होतो.

कायदा : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. तिन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत. शिकारीला किमान ३, कमाल ७ वर्षे कैद. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबतही आधी पकडण्याचा प्रयत्न. मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात.

आजचे रान : सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (२०१०). त्यात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान.

शिकार किंवा जखमी प्राणी आढळल्यास वन विभागाला कळवा : हेल्पलाइन क्रमांक १९२६.