पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसर

पिंपरी-चिंचवड हा महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्यात, पुणे शहराच्या वायव्येस वसलेला औद्योगिक नागरी परिसर आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही त्याची मूळ गावे होत. वाहने, वाहनांचे सुटे भाग, औषधे व अभियांत्रिकी माल यांच्या उत्पादनासाठी तो ओळखला जातो. परिसराची पाण्याची गरज मुख्यतः मावळ तालुक्यातील पवनानगरजवळच्या पवना धरणातून भागविली जाते.

पार्श्वभूमी

पवना नदी लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीत उगम पावते आणि दापोडीजवळ मुळा नदीस मिळते. नदीकाठचे चिंचवड हे मोरया गोसावी यांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असून चापेकर बंधूंचेही ते गाव होय. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरी येथे झाली. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा भाग प्रामुख्याने शेतीचाच होता.

उद्योगांची उभारणी

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हमायसिन हे बुरशीविरोधी औषधही याच संस्थेतील संशोधनातून पुढे आले.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईतील जागेची टंचाई, मुंबई-पुणे रस्ता व लोहमार्गाचे सान्निध्य आणि जवळ उपलब्ध असलेली सपाट जमीन यांमुळे महामंडळाची येथील वसाहत झपाट्याने वाढली. त्या दशकात बजाज ऑटो, टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) यांचे कारखाने येथे उभे राहिले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग भोसरी व चिंचवड भागांत वाढले.

जर्मनीशी या परिसराचा संबंध जुना आहे. बजाज टेम्पोने हँबुर्ग शहराच्या हारबुर्ग या औद्योगिक भागातील कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाडी बनविली. त्या गाडीचे ‘टेम्पो’ हे नाव मराठीत लहान मालवाहू गाडीसाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले. पुढे मर्सिडीज-बेंझच्या मोटारींची भारतातील जुळणीही १९९० च्या दशकात पिंपरीतील टेल्कोच्या आवारात सुरू झाली.

नागरीकरण

१९७० मध्ये चार गावे मिळून नगरपालिका स्थापन झाली. १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९७ मध्ये आसपासची आणखी गावे हद्दीत आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १७.२७ लाख होती. महाराष्ट्राच्या विविध जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या कामगारांचा या वाढीत मोठा वाटा आहे.

पवना धरण आणि पाण्याचा प्रश्न

लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग या किल्ल्यांच्या सान्निध्यात १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण पूर्ण झाले. जलाशयाखाली मावळातील शेतजमिनी व वस्त्या गेल्या. धरणग्रस्तांपैकी अनेकांना पर्यायी जमीन मिळालेली नसल्याने पुनर्वसनाची मागणी पुढील पिढ्यांनीही चालू ठेवली.

धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत येते व रावेत येथील बंधाऱ्याजवळ उचलले जाते. हे पाणी धरणापासून थेट बंद जलवाहिनीने आणण्याची योजना महानगरपालिकेने आखली. वहनातील नुकसान व प्रदूषण टळेल, अशी तिची भूमिका होती. नदीतील प्रवाह घटून काठावरील शेती व गावांच्या पाणीयोजना अडचणीत येतील, अशी मावळातील शेतकऱ्यांची हरकत होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर प्रकल्पाचे काम थांबविण्यात आले व ते दीर्घकाळ स्थगित राहिले.

बदलते स्वरूप

शहरातील जागा अपुरी पडू लागल्यावर नवे मोठे कारखाने चाकणकडे वळले आणि हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्योग वाढला. बजाज ऑटोने २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबविले. जुन्या कारखान्यांच्या जवळपास निवासी संकुले उभी राहिली. त्यामुळे उद्योगांबरोबरच घरगुती वापराच्या पाण्याची मागणी वाढत गेली व पवना धरणावरील शहराचे अवलंबित्व कायम राहिले.