हिमालयावर आमचीही पावले!

डोंगर चढणे हा प्रकार आमच्या समाजाला नवा नाही. मोळीसाठी, गुरांमागे, दगडाच्या खाणीवर, रस्त्याच्या कामावर आमच्या आयाबायांनी आयुष्यभर चढ-उतार केला. रजा काढून, स्वतःच्या पगारातले पैसे खर्चून, निव्वळ आनंदासाठी डोंगर चढायचा, हे मात्र नवे आहे. म्हणूनच हिमालयात जातो म्हटले की वस्तीतली वडीलधारी मंडळी विचारतात, "तिथे काय ठेवले आहे?" ज्यांच्या दोन पिढ्या शिक्षण आणि नोकरी मिळवण्यात खर्ची पडल्या, ते हा प्रश्न विचारणारच. त्याला उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आम्ही सहा जण. नागपुरात एकत्र शिकलेलो. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, एक मैत्रीण सरकारी रुग्णालयात परिचारिका. सहाही जणांची ही पहिलीच उंचावरची चढाई. ठिकाण निवडले दार्जिलिंग जिल्ह्यातले संदकफू. पश्चिम बंगालमधली ही सर्वात उंच जागा, ३,६३६ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच! नोव्हेंबरात आकाश स्वच्छ असते, म्हणून तो महिना धरला. हावडामार्गे न्यू जलपाईगुडी, तिथून जीपने मानेभंजन. येथे स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. पुढची वाट सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून, नेपाळच्या हद्दीला इतकी चिकटून जाते की आमचा पहिला मुक्काम टुमलिंग नेपाळातच पडला.

दार्जिलिंगला जाऊन तेनसिंग नोर्गे यांची आठवण काढली नाही, असे होऊच शकत नाही. हा माणूस १९३५ साली एका ब्रिटिश मोहिमेत हमाल म्हणून एव्हरेस्टकडे गेला. लिहिता-वाचता येत नव्हते. १८ वर्षांनी, २९ मे १९५३ रोजी, एडमंड हिलरींसोबत तो एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिला. पुढे काय झाले? हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट यांना 'सर' हा किताब मिळाला आणि तेनसिंगना जॉर्ज पदक. कारणे काहीही दिली गेली असोत, एकाच दोराला बांधलेली दोन माणसे एकाच शिखरावर पोहोचली आणि मानाची पायरी वेगवेगळी ठरली! पायरीपायरीची विषमता म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दार्जिलिंगला १९५४ साली गिर्यारोहण संस्था निघाली, तेव्हा प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा मात्र तेनसिंग यांच्याकडेच आली.

हा इतिहास डोक्यात असल्याने आम्ही निघतानाच ठरवले होते, की आपली सॅक आपणच वाहायची. सामाईक सामानासाठी एक पोर्टर घेतला, त्याचे ओझे आधी उचलून पाहिले आणि मजुरीत घासाघीस केली नाही. जेवायला वाटाड्या आणि पोर्टर स्वयंपाकघरात बसू लागले, तेव्हा आम्ही म्हटले, "दादा, आमच्यासोबत बसा." वाटाड्या हसून म्हणाला, "साहेब, चूल इथे आहे. थंडीत तिकडे कशाला?" मग आम्हीच ताटे घेऊन चुलीपाशी गेलो. त्यानंतर रोज आठही जणांची पंगत तिथेच बसली.

खरी परीक्षा दुसऱ्या मुक्कामी, कालीपोखरीला झाली. उंची ३,१८६ मीटर. आमच्यातला सर्वात दणकट गडी, कबड्डी खेळणारा रेल्वेतला मित्र, रात्री डोके धरून बसला. मग उलटी झाली. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. संदकफूला तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. या आजाराला तुमचे दंड दिसत नाहीत की वय दिसत नाही. तब्येतीने भक्कम माणूसही त्यातून सुटत नाही. त्रास वाढला तर एकच खात्रीचा उपाय, खाली उतरणे.

सकाळी मित्र म्हणाला, "डोके दुखते एवढेच. मी चालतो." दोन वर्षे पैसे साठवून तो आला होता. परिचारिका मैत्रिणीने स्पष्ट सांगितले, "वर न्यायचे नाही." मग प्रश्न आला, त्याच्यासोबत खाली कोण जाणार? कोणीच बोलेना. शेवटी बँकेतला मित्र उठला. ही सहल मुळात त्याच्या डोक्यातून निघालेली. "शिखर कुठे पळून जात नाही," एवढेच तो म्हणाला. दोघे जीपने मानेभंजनला उतरले आणि संध्याकाळपर्यंत आजारी गडी भात मागू लागला.

आम्ही चौघे वर पोहोचलो. पहाटे समोर ८,५८६ मीटरचे कांचनजंगा उजळले. कुंभकर्ण शिखराचा चेहरा, कांचनजंगाची छाती, पांदिमचे पाय. तिथले लोक या रांगेला निजलेला बुद्ध म्हणतात. दगड आणि बर्फ आहे, हे आम्हालाही कळते. तरीही चौघांचे डोळे भरून आले आणि चौघांनाही खाली राहिलेल्या दोघांची आठवण झाली. ज्याने मित्रासाठी शिखर सोडले, त्याला बुद्ध आमच्याआधी कळला होता.

तिथे काय ठेवले आहे, याचे उत्तर आमच्या लेकरांनीच दिलेले आहे. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकणारी आदिवासी मुलगी मालवत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. वय १३ वर्षे ११ महिने! सोबत दलित कुटुंबातला आनंद कुमार. दोघांनी माथ्यावर बाबासाहेबांचे छायाचित्र नेले. २०१८ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनीही एव्हरेस्ट सर केले. संधी आणि प्रशिक्षण मिळाले की आमची पोरे कुठवर जातात, हे जगाने पाहिले आहे.

तेव्हा तरुणांनो, चार मित्र जमवा, महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका आणि निघा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नका. ओझे वाहणाऱ्याला पूर्ण दाम आणि पूर्ण मान द्या. आणि टोळीची चाल नेहमी सर्वात मागे राहिलेल्या गड्याच्या पावलावर ठरवा. डोंगरावर हा नियम जीव वाचवतो. वस्तीत परतल्यावरही तो पाळायला हरकत नसावी.